नांगर वाळूत, साखळीही वाळूत: समुद्रगवत वाचवून बोट कशी नांगरावी

समुद्रगवताच्या कुरणात नांगर पडला की त्याने होणारा खड्डा फार तर हात-दीड हाताचा असतो. खरी नासधूस करते ती त्याच्या मागची साखळी. वारा फिरला किंवा भरतीची ओहोटी झाली की बोट नांगराभोवती फिरते, आणि तळावर लोळणारी साखळी तिच्यामागून कुरणावरून फरफटत जाते. त्यामुळे नांगर वाळूत पडला एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. साखळी कुठवर लोळणार आहे, हे आधी ठरवावं लागतं. या लेखातली बरीचशी आकडेमोड त्याचसाठी आहे.

गवत म्हणजे नक्की काय तुटतं

समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. ती मुळं, खोड, पानं आणि फुलं असलेली वनस्पती आहे. जगभरात तिच्या साधारण साठ-सत्तर जाती आहेत. जमिनीवरच्या हरळीसारखं तिचं खोड मातीखाली आडवं पसरतं आणि त्याच्या पेरापेरातून वर पानांचे झुबके, खाली मुळं फुटतात. पानं तुटली तर ती पुन्हा येतात. नांगराचा फाळ किंवा ताणलेली साखळी आडवं खोडच तोडते, आणि मग तिथून पुढचा सगळा वेल उघडा पडतो.

भरून यायला किती वेळ लागतो, हे जातीवर आहे. हॅलोफिला ओव्हॅलिससारखी नाजूक, लहान पानांची जात वर्षाला तीन मीटरहून जास्त पसरू शकते. तिथला ओरखडा एक-दोन हंगामांत बुजतो. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया ओशनिकाचं खोड मात्र वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतं. तिथे दहा मीटरचा उघडा पट्टा पडला तर तो आपल्या हयातीत भरत नाही. पोत-पानं बघून जात ओळखता येत नसेल तर सरळ सगळ्यात हळू वाढणारी जात समोर आहे असं धरून चालावं.

जखम तेवढ्यावर थांबतही नाही. कडेची मुळं उघडी पडली की लाटांचा मारा त्यांच्याखालची वाळू उपसतो, काठ कोसळतो आणि खड्डा आपला आपणच रुंदावत जातो. ऑस्ट्रेलियात पर्थजवळ कायमच्या मुरिंगच्या (बोट बांधण्यासाठी तळाशी पक्क्या केलेल्या बोयाच्या) साखळ्यांनी गवतात पाडलेले गोल खड्डे मोजले गेले, तेव्हा ते ३ चौरस मीटरपासून ३०० चौरस मीटरपर्यंत भरले. एकदा नांगरणाऱ्याने होणारं नुकसान यापेक्षा लहान असतं, पण उन्हाळ्यात एकाच खाडीत रोज वीस-पंचवीस बोटी येत असतील तर बेरीज कुठे जाते ते उघड आहे. फ्रान्सच्या पोर्त-क्रो राष्ट्रीय उद्यानात केलेल्या मोजणीत एका वेळच्या नांगरण्यात सरासरी ३४ कोंब उपटलेले आढळले होते. त्यातले निम्म्याहून जास्त नांगर रुतताना गेले आणि बाकीचे तो उचलताना.

गवतात नांगर धरतो, हा भ्रम

बरेच जण गवतात नांगर टाकतात ते निष्काळजीपणाने नव्हे, तर "लगेच धरतो" म्हणून. धरतो खरा, पण त्याला रुतणं म्हणत नाहीत. फाळ मुळांच्या जाळीत अडकलेला असतो; खालच्या घट्ट वाळूपर्यंत तो पोचलेलाच नसतो. रात्री वारा वाढला की जाळीचा तेवढा तुकडा मातीसकट निघतो. आता फाळांमध्ये मुळं, पानं आणि चिखल यांचा भलामोठा गोळा बसलेला असतो आणि नांगर पुन्हा रुतूच शकत नाही. तो गोळ्यासकट तळावरून घसरत जातो. रात्री दोन वाजता बोट वाहून जाण्याचं हे नेहमीचं कारण.

नांगराच्या प्रकारानेही फरक पडतो. चपट्या, रुंद फाळांचा डॅनफोर्थ वाळूत उत्तम, गवतावर मात्र सपाट पडून सरकतो. नांगरफाळी आणि पंजाच्या आकाराचे नांगर गवतावरून ओरखडत जातात. कमान असलेले नवीन पद्धतीचे टोकदार नांगर गवत चिरून खाली जातात, आणि जाहिरातीत तोच त्यांचा गुण म्हणून सांगितला जातो. बोटीच्या दृष्टीने तो गुण असेलही, कुरणाच्या दृष्टीने नाही. लहान होड्यांवर असतो तो मिटणारा चार फाळांचा ग्रॅपनेल. गवतासाठी इतका वाईट नांगर दुसरा नाही, कारण तो अडकण्याखेरीज दुसरं काही करतच नाही. होडी असेल तर ग्रॅपनेल खडकासाठी ठेवा आणि वाळूसाठी ४ ते ५ किलोचा चपटा नांगर घ्या.

निघण्यापूर्वी: नकाशा आणि आकडे

सागरी नकाशावर तळाच्या मातीची अक्षरं असतात. एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल, आर म्हणजे खडक आणि डब्ल्यूडी म्हणजे शेवाळ-गवत. ती उपयोगाची आहेत, पण त्यांतले कित्येक नमुने फार जुन्या पाहण्यांतले असतात आणि कुरणाच्या कडा सरकतात. नकाशावरून जागेची यादी करा, निर्णय डोळ्यांनी तिथे जाऊन घ्या. भूमध्य समुद्रासाठी दोनिया नावाचं मोफत ॲप पोसिडोनियाची कुरणं नकाशावर दाखवतं. बाकी ठिकाणी स्थानिक बंदर कार्यालयाकडे किंवा सागरी उद्यानाकडे विचारलं तर बहुतेक वेळा नकाशा मिळतो.

नियमही तेव्हाच बघून घ्यावेत. स्पेनच्या बालेआरिक बेटांवर २०१८च्या आदेशाने पोसिडोनियावर नांगर टाकायला मनाई आहे. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर २०१९पासून २४ मीटर आणि त्याहून लांब नौकांना कुरणात नांगरता येत नाही. इतरत्र नियम असतील किंवा नसतील. नसले तरी खालची पद्धत तीच.

आता साखळीचा हिशेब. किती साखळी सोडायची हे ठरवताना पाण्याची खोली भरतीच्या वेळची धरायची आणि तिच्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवायची. एक उदाहरण पक्कं धरून चालू. ओहोटीला ४ मीटर पाणी, भरती २ मीटरची, नाळ पाण्यापासून १ मीटर वर. भरतीला एकूण ७ मीटर. शांत हवामानात नांगराला दोर नसून पूर्ण साखळीच असलेल्या बोटीला चौपट, म्हणजे २८ मीटर साखळी. वाऱ्याची शक्यता असेल तर पाचपट ते सातपट.

या २८ मीटरपैकी तळावर किती लोळणार? वारा पूर्ण पडलेला असताना साखळी नाळेतून जवळजवळ सरळ खाली उतरते. ओहोटीला नाळेपासून तळ ५ मीटरवर, म्हणजे २३ मीटर साखळी वाळूवर किंवा गवतावर पडलेली. बोट पूर्ण फिरली तर २३ मीटर त्रिज्येचं वर्तुळ झालं, सुमारे १,६६० चौरस मीटर. ८ मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला जवळपास १.४ किलो, म्हणजे तळावर ३२ किलो लोखंड लोळतंय. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की सर्वांत मोठं वर्तुळ वादळात नव्हे, तर निवांत रात्री ओहोटीला होतं. जोराच्या वाऱ्यात साखळी ताणून उचललेली असते आणि बोट एकाच दिशेला राहते.

याच्याशी तुलना करा ती ८ मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर असलेल्या बोटीची. तिला सातपट म्हणजे ४९ मीटर सोडावं लागेल, बोट जास्त दूरवर फिरेल, पण तळ खरवडणारी जड साखळी ८ मीटरच आहे, वर्तुळ सुमारे २०० चौरस मीटरचं. ढिला पडलेला दोरही तळाला टेकतो, पानं वाकवतो, पण मुळं उपटत नाही. दुपारच्या तीन-चार तासांच्या मुक्कामासाठी, माणूस बोटीवर असताना, ही जोडणी कुरणाला कमी त्रासाची आहे. रात्रभरासाठी किंवा धारदार खडक असलेल्या तळावर दोर घासून तुटण्याची भीती आहे, तिथे साखळीच हवी.

तळ वाचणं

वाळूचा तुकडा शोधायला ऊन लागतं. साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन, सूर्य डोक्यावर आणि शक्यतो पाठीमागे असताना. पोलराइज्ड चष्मा घालून नाळेवर किंवा त्याहून उंच उभं राहा. पाण्याच्या पृष्ठभागावरची चकाकी कापली गेली की तळाचे रंग उमटतात. वाळू फिकट हिरवी-निळी किंवा दुधी दिसते. गवत तपकिरी-हिरव्यापासून काळपट निळ्यापर्यंत, कडा विरळ होत जाणाऱ्या. खडकही काळा दिसतो, पण त्याची कड कापल्यासारखी असते. ढगाची सावली सरकते, गवत सरकत नाही. शंका आली तर मिनिटभर थांबा.

दोन ठिकाणी डोळे फसतात. एक म्हणजे गळून पडलेल्या पानांचे ढीग, जे वाळूच्या खोलगट भागात साचून गवतासारखे काळे दिसतात. दुसरं म्हणजे विरळ गवत. वरून जवळपास वाळूच वाटते आणि खाली पाहिलं तर हातभर अंतराने कोंब उभे असतात. कुरण पसरत असतं ते नेमकं याच कडेने, त्यामुळे "थोडंसंच आहे" म्हणून तिथे टाकू नये.

गढूळ पाण्यात किंवा संध्याकाळी खोलीमापक यंत्र मदतीला येतं. वाळूवर पडद्यावरची तळाची रेघ जाड आणि स्पष्ट येते. गवतावर तिच्यावर केसाळ झालर दिसते आणि खोलीचा आकडा पानांच्या उंचीएवढा, ३० सेंटिमीटरपासून मीटरभर, वरखाली उडत राहतो. आणखी साधी युक्ती म्हणजे तळाला काच किंवा ॲक्रिलिक बसवलेली बादली. छोट्या होडीतून पुढे जाऊन बादली पाण्यात दाबली की चार-पाच मीटरवरचा तळ स्वच्छ दिसतो. शिशाच्या वजनाच्या तळाशी खळगा असेल तर त्यात चरबी भरून दोर सोडा. वर येताना वाळूचे कण चिकटून येतात, गवतावर पडलं असेल तर पानाचा तुकडा येतो किंवा चरबी कोरीच राहते.

एक सोपा मार्ग लोक विसरतात, तो म्हणजे खोल जाणं. गवताला प्रकाश लागतो, म्हणून ठरावीक खोलीनंतर कुरण संपतंच. गढूळ पाण्यात ते दोन-तीन मीटरवर संपेल, भूमध्यासारख्या अतिस्वच्छ पाण्यात ४० मीटरपर्यंतही जाईल. पण बऱ्याच खाड्यांमध्ये किनाऱ्यापासून थोडं दूर, ८ ते १२ मीटरवर उघडी वाळू असते. साखळी जास्त लागते आणि किनाऱ्यापर्यंत वल्ही मारावी लागतात, एवढीच गैरसोय.

नांगर टाकणं

वाळूच्या तुकड्यात नांगर नेमका कुठे पडावा हे वाऱ्यावर ठरतं. वारा दिवसभर एकाच दिशेने राहणार असेल तर तुकड्याच्या वाऱ्याकडच्या काठाजवळ टाका, म्हणजे साखळी मागे पूर्ण वाळूवर पसरते. वारा फिरणार असेल किंवा रात्री पडणार असेल तर मधोमध. काठाजवळ टाकलेला नांगर सकाळी उलट्या दिशेने साखळी गवतात नेतो. ही चूक अनुभवी लोकही करतात, कारण संध्याकाळी सगळं व्यवस्थित दिसत असतं.

मग कामाला लागताना:

१. नाळेवरचा आणि सुकाणूवरचा माणूस हाताच्या खुणा आधी ठरवून घेतात: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, थांब, सोड. इंजिनाच्या आवाजात ओरडून काही ऐकू जात नाही आणि त्या गोंधळात नांगर दहा मीटर पुढे पडतो.

२. वाऱ्याकडे किंवा प्रवाह जोराचा असेल तर प्रवाहाकडे तोंड करून हळू या. ठरवलेल्या जागेच्या वर नाळ आली की बोट पूर्ण थांबवा. बाजूच्या किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरल्या, उदाहरणार्थ झाड आणि त्यामागचा खांब, तर बोट थांबली की नाही ते लगेच कळतं.

३. नांगर फेकू नका, खाली सोडा. फेकलेल्या नांगरावर साखळीचा ढीग पडतो, साखळी फाळाला गुंडाळते आणि मग ओढ दिली की नांगर आडवा घसरत गवतात जातो. तळाला टेकेपर्यंत विंडलासने (साखळी सोडण्या-ओढण्याच्या यंत्राने) किंवा हाताने उतरवा.

४. बोट वाऱ्याने मागे सरकू लागली की तिच्या वेगानेच साखळी सोडा. वारा नसेल तर रिव्हर्स टाकून लगेच न्यूट्रल. खोलीच्या तिप्पट साखळी गेली की किंचित रोखून धरा. नाळ वाऱ्याकडे वळली म्हणजे फाळ टेकला.

५. उरलेली साखळी सोडून रिव्हर्स हळूहळू वाढवा. आधी आयडलवर अर्धा मिनिट, मग मध्यम वेगावर अर्धा मिनिट. साखळीवर पाय किंवा हात ठेवा. नांगर रुतला असेल तर साखळी ताठ आणि शांत राहते. घसरत असेल तर दगडावरून गाडी चालल्यासारखी थरथर जाणवते.

वाळूतही नांगर रुतेपर्यंत मीटर-दोन मीटर, कधी तीनही सरकतो. तेवढं अंतर तुकड्यात शिल्लक हवं. आणि उथळ पाण्यात रिव्हर्स एकदम जोरात देऊ नका. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा झोत तळावर आदळतो, वाळू उडते आणि ती आजूबाजूच्या पानांवर बसून प्रकाश अडवते. तळाखाली मीटरभरही पाणी नसेल तर जागाच बदला.

जीपीएसवर नांगराची खूण तो तळाला टेकल्याक्षणी करा, रुतवून झाल्यावर नव्हे. नाहीतर बोट सरकली की वाजणाऱ्या अलार्मचं वर्तुळ साखळीच्या लांबीएवढं चुकतं.

पाण्यात उतरून बघणं

याला पर्याय नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबून मास्क लावून साखळीच्या मागोमाग पोहत जा. नांगराचे फाळ वाळूत गाडलेले असावेत, दांडा आडवा, आणि साखळी गुंता न होता सरळ निघालेली. मग गवताची कड नांगरापासून चारही दिशांना किती दूर आहे ते अंदाजा. आपल्या शरीराच्या लांबीने मोजलं तरी पुरतं. वरच्या उदाहरणात ते अंतर सगळीकडे २३ मीटर भरलं पाहिजे. एखाद्या बाजूला १५ मीटरच असेल आणि रात्री वारा त्या बाजूला वळणार असेल तर आत्ताच हलवा, अंधारात नव्हे. पाणी गढूळ किंवा थंड असेल तर छोट्या होडीतून काचेच्या बादलीने हीच पाहणी करता येते.

वाळूचा तुकडा लहान पडला तर

पहिला उपाय दिवसाच्या मुक्कामासाठी: हवा शांत आणि बोटीवर माणूस असेल तर तिप्पट साखळी. उदाहरणात २१ मीटर, तळावर १६. ४६ मीटर रुंद वाळूऐवजी ३२ मीटर पुरते. वारा वाढला की साखळी वाढवायची नाही, निघायचं.

दुसरा उपाय मागून दुसरा नांगर. बोट फिरतच नाही, त्यामुळे वर्तुळही नाही. पण तो नांगर छोट्या होडीतून नेऊन वाळूतच ठेवावा लागतो, आणि आडवा वारा आला तर दोन्ही नांगरांवर बेसुमार ओढ येते. शेजारच्या बोटी मोकळ्या फिरत असतील तर तुम्ही एकटे स्थिर राहून त्यांच्या वाटेत येता. खडकाळ किनारा जवळ असेल तर मागचा दोर खडकाला बांधणं याहून बरं. खडकाभोवती रुंद पट्टा वापरा, दोर घासणार नाही.

तिसरा उपाय प्रवाळ असलेल्या भागात रूढ आहे आणि गवतालाही तितकाच लागू पडतो: साखळी तरंगती ठेवणं. नांगराजवळची साखळी वाळूवर राहते, पुढची फ्लोटने (तरंगत्या गोळ्याने) उचलून धरायची. हिशेब असा. पाण्यात ८ मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला सुमारे १.२ किलो उरतं. दर ५ मीटरला एक फ्लोट म्हटलं तर त्याने ६ किलो उचलायला हवं, म्हणजे ७-८ लिटरचा फ्लोट. तो टणक प्लास्टिकचा असावा. हवेने फुगवलेला फेंडर (बोटीच्या कडेला धक्के झेलायला लावतात तो) पाण्याच्या दाबाने आकसतो आणि खोलीवर त्याची उचल घटते.

वाळूचा तुकडा ३० मीटर रुंद आणि नांगर मधोमध असेल तर पहिली १२ मीटर साखळी वाळूवर ठेवा. नांगर आधी १८-२० मीटर साखळीवर रिव्हर्सने नीट रुतवून घ्या, मग साखळी आत ओढून नांगरापासून १२ मीटरच्या खुणेवर पहिला फ्लोट लावा, सोडत जाऊन १७ वर दुसरा, २२ वर तिसरा, आणि २८ वर थांबा. फ्लोटचा हुक साखळीच्या कडीत बसत नसेल तर ६ मिलिमीटर दोरीचा फास साखळीला घालून त्यात हुक अडकवा. फ्लोट कडीला कायमचा बांधू नका, उचलताना तो विंडलासच्या दातांत जाईल. फ्लोट मधल्या पाण्यात राहायला हवेत. वर तरंगू लागले तर दुसऱ्या बोटीच्या पंख्यात जातात, मग लहान फ्लोट घ्या. ही सोय शांत ते मध्यम वाऱ्यापुरती आहे, कारण साखळीच्या वजनाने मिळणारा झटका झेलण्याचा गुण यात कमी होतो. नाळेवर ५ ते ८ मीटरचा लवचीक नायलॉन दोर साखळीला जोडून तो भार त्याच्यावर घ्या.

उचलणं

सगळ्यांचं लक्ष टाकण्याकडे असतं, आणि नांगर उचलताना कोणी खाली बघत नाही. विंडलासने बोट नांगराकडे ओढली की साखळी तळावर ताणून घासते आणि नांगर कोनात निघून पुढची माती नांगरत जातो. त्याऐवजी इंजिनाने हळू पुढे जा, नाळेवरच्या माणसाने साखळीची दिशा हाताने दाखवत राहायचं, आणि ढिली झालेली साखळी तेवढी आत घ्यायची. नाळ नांगराच्या बरोबर वर आली, साखळी उभी झाली, की विंडलास थांबवून साखळी अडकवा आणि मिनिटभर थांबा. लाटांवर नाळ वरखाली होते आणि तीच नांगर सैल करते. मग सरळ वर.

नांगर खडकाखाली अडकण्याची शक्यता असेल तर टाकतानाच त्याच्या डोक्याच्या, म्हणजे फाळांच्या, बाजूला वेगळा दोर आणि छोटा बोया बांधून ठेवा. उलट बाजूने ओढलं की तो सुटतो, पुढेमागे झटके देण्याची वेळ येत नाही.

चुकून गवतात पडलाच तर

वाळूपर्यंत ओढत नेऊ नका. हीच सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागडी प्रतिक्रिया. बोट नांगराच्या वर आणा, सरळ उचला, जागा बदला, पुन्हा टाका. रात्री उशिरा किंवा बिघडलेल्या हवेत कळलं आणि हलणं धोक्याचं असेल तर राहा, माणसं आधी. उजाडल्यावर हलवा.

बोया असेल तर बोया

गवत असलेल्या खाडीत मुरिंग बोये असतील तर नांगरण्याचा प्रश्नच मिटतो, पण बोयाखाली काय आहे ते बघावं. काँक्रीटचा ठोकळा आणि जड साखळी असेल तर ती साखळी वर्षभर गोल फिरत असते. पर्थजवळचे ते खड्डे अशाच मुरिंगचे. गवतस्नेही मुरिंगमध्ये तळात फिरवून बसवलेला स्क्रू असतो, आणि त्यापासून वर बोयापर्यंत तळाला कधीच न टेकणारी दोरी: एकतर रबरासारखी ताणणारी, नाहीतर मध्ये एक पाण्याखालचा फ्लोट अडकवलेली.

बोयावर लिहिलेली लांबीची किंवा वजनाची मर्यादा पाळा. दोर कडीतून ओवून दोन्ही टोकं बोटीवर घ्या, म्हणजे निघताना सोडणं सोपं. रात्रभर राहणार असाल तर घासण्याच्या जागी जाड नळी चढवा. उतरून शॅकलची (जोडकडीची) पिन आणि दोरीची झीज बघा, कारण बोया कधी तपासला गेला ते वरून कळत नाही. आणि "सुरक्षेसाठी" सोबत नांगरही टाकू नका. मग बोयाचा उपयोगच काय?

निघताना

नांगर पाण्याच्या पृष्ठभागाशी आला की तिथेच थांबवून बुडवून-हलवून धुवा, चिखल आणि पानं तिथल्या तिथे पडू द्या. साखळीला चिकटलेले तुकडे पुढच्या खाडीत नेऊ नयेत. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे आक्रमक शेवाळ १९८४मध्ये मोनॅकोजवळ सापडलं आणि नांगरांवरच्या तुकड्यांतूनही पसरत गेलं; छोट्या तुकड्यातून ते नव्याने वाढतं आणि साखळीच्या ओल्या पेटीत कित्येक दिवस जिवंत राहतं. लाल समुद्राकडचं हॅलोफिला स्टिप्युलेसिया हे समुद्रगवत २००२मध्ये कॅरिबियनमध्ये ग्रेनाडाला आढळलं, आणि त्याच्याही पुढच्या प्रसाराशी बोटींचा संबंध जोडला जातो. पेटी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन, झाकण उघडून पूर्ण वाळवावी.

उथळ कुरणावरून बाहेर पडताना आउटबोर्ड मोटर वर झुकवा, नाहीतर बंद करून वल्ही घ्या. पंखा गवतात गेला की लांब सरळ चर पडतो. मागे वळून पाहिल्यावर पाण्यात तपकिरी ढग आणि तरंगणारी पानं दिसली तर पंखा तळाला लागतोय. तिथेच इंजिन बंद करा, जोर देऊन पुढे काढू नका. आल्या वाटेने वल्ह्याने मागे या, किंवा भरती चढेपर्यंत थांबा.